यंत्रातील घड्याळ : ते वाचावे कसे आणि लावावे कसे

चेन्नई शहराच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी जेथे खाडीच्या रूपाने समुद्राला मिळते, तेथे एन्नोर नावाचे गाव आहे. एके काळी ते मिठागरांसाठी आणि मासेमारीसाठी ओळखले जात असे. पुढे तेथे कारखाने आले, औष्णिक वीजकेंद्रे आली, आणि 2001 साली मोठे बंदर सुरू झाले. या बंदराला 2014 पासून कामराजर बंदर म्हणतात. 28 जानेवारी 2017 रोजी पहाटे चारच्या सुमारास या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. 'बीडब्ल्यू मेपल' हे वायुवाहू जहाज बंदरातून बाहेर पडत होते आणि 'डॉन कांचीपुरम' हे तेलवाहू जहाज आत येत होते. टकरीनंतर काळे, दाट तेल समुद्रात सांडले व लाटांबरोबर एन्नोरच्या किनाऱ्याला येऊन लागले. स्वयंसेवक, विद्यार्थी आणि तटरक्षक दलाचे जवान कित्येक दिवस बादल्यांनी ते उपसत होते. मच्छीमारांच्या उपजीविकेवर त्याचा जो आघात झाला त्याचे वर्णन येथे करण्याचे प्रयोजन नाही. आपला प्रश्न वेगळा व वरवर पाहता क्षुल्लक आहे : ही टक्कर कोणत्या तारखेस झाली?

वाचक म्हणेल, हे काय विचारणे झाले? तारीख तर वर दिलीच आहे. परंतु जहाजावरील नोंदयंत्र, म्हणजे ज्यास व्हॉयेज डेटा रेकॉर्डर म्हणतात ते यंत्र, भारतीय वेळ पाळत नाही. ते जागतिक समन्वित वेळ पाळते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. पहाटेचे चार वाजले होते असे धरले, तर त्या यंत्राच्या दृष्टीने आदल्या रात्रीचे साडेदहाच वाजले होते. किनाऱ्यावरच्या माणसाची 28 तारीख, शनिवार. यंत्राची 27 तारीख, शुक्रवार. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. त्या एकमेकींशी जुळवता आल्या नाहीत तरच घोटाळा होतो. कोणते जहाज केव्हा वळले, इशारा केव्हा दिला गेला, तो कोणी केव्हा ऐकला हे ठरवणाऱ्या चौकशीत असा घोटाळा परवडत नाही.

संगणकाची घड्याळे वाचणारी आणि लावणारी आज्ञावली सी भाषेत कशी लिहितात ते या पाठात पाहावयाचे आहे. एन्नोरचे उदाहरण आपण अखेरपर्यंत हाताशी ठेवू. फलनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावी लागतात, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

आदिक्षण आणि अहर्गण

सी भाषेत वेळ विचारण्याचे सर्वांत साधे फलन म्हणजे 'टाइम'. ते तास, मिनिटे वा तारीख काहीच सांगत नाही. केवळ एक संख्या देते. युनिक्स व तिच्या कुळातील सर्व प्रचालन प्रणालींत ही संख्या म्हणजे 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून, जागतिक वेळेप्रमाणे, लोटलेले सेकंद होत. या आरंभास आपण 'आदिक्षण' म्हणू. (इंग्रजी शब्दाला 'युगारंभ' असा पर्याय सुचवला जातो. परंतु युग म्हटले की मराठी वाचकाच्या मनात कली आणि द्वापर उभे राहतात, आणि येथे तर काही दशकांचाच हिशेब आहे. म्हणून आम्ही तो टाळला.)

ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. पंचांगकर्ते शतकानुशतके हेच करीत आले आहेत. एखाद्या ठरावीक आरंभदिवसापासून इष्ट दिवसापर्यंत किती दिवस लोटले, त्या संख्येला ते 'अहर्गण' म्हणतात. ग्रहाचे स्थान काढावयाचे तर प्रथम अहर्गण काढावा लागतो. महिना, तिथी, वार हे सगळे नंतर. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके 1442 म्हणजे इ. स. 1520 हा आरंभ धरून 'ग्रहलाघव' रचले. यंत्राने दिवसांऐवजी सेकंद मोजले, एवढाच काय तो फरक.

आता एन्नोरचा क्षण या गणनेत मांडून पाहू. 27 जानेवारी 2017, रात्रीचे 10 वाजून 30 मिनिटे, जागतिक वेळ. आदिक्षणापासून त्या दिवसाच्या आरंभापर्यंत पूर्ण 17,193 दिवस लोटले. प्रत्येक दिवसाचे 86,400 सेकंद धरले तर 1,48,54,75,200 सेकंद होतात. त्यात साडेबावीस तासांचे 81,000 सेकंद मिळवले की 1,48,55,56,200 ही संख्या येते. ही संख्या भारतात, इंग्लंडात वा जपानात एकच आहे. तिला देश नाही. दोन घटनांमधील अंतर काढावयाचे असेल तर या संख्यांचीच वजाबाकी करावी. सी भाषेत त्यासाठी 'डिफ-टाइम' हे फलन आहे. घड्याळी तासमिनिटांची वजाबाकी करू नये. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपाची वेळ जागतिक प्रमाणात मध्यरात्रीनंतर 58 मिनिटे 53 सेकंद अशी नोंदली गेली. त्सुनामीची लाट मात्र चेन्नईच्या किनाऱ्यावर सकाळी नऊच्या सुमारास, अर्थात भारतीय वेळेने आली. या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणारा लाटेला आठ तास लागले असे म्हणेल. प्रत्यक्षात तिला सुमारे अडीच तास लागले.

संख्येची तारीख करणे

माणसाला अर्थातच तारीख हवी असते. त्यासाठी दोन फलने आहेत. 'जी-एम-टाइम' ही संख्या जागतिक वेळेच्या तारखेत उलगडते, तर 'लोकल-टाइम' स्थानिक वेळेच्या तारखेत. दोन्ही फलने उत्तर एका रचनेत भरून देतात. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, वार असे तिचे निरनिराळे कप्पे असतात. पैकी दोन कप्प्यांनी आजवर असंख्य नवशिक्यांना चकवले आहे. वर्षाच्या कप्प्यात 2017 नसते, 117 असते. कारण तेथे 1900 नंतरची वर्षे मोजली जातात. महिन्याच्या कप्प्यात जानेवारीसाठी 1 नसून 0 असतो. दिवसाचा कप्पा मात्र 1 पासूनच सुरू होतो! या विसंगतीचे समर्थन करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. ती तशी आहे एवढे लक्षात ठेवावे.

याहून गंभीर चूक पुढे आहे, आणि ती दिसत नाही म्हणूनच गंभीर आहे. समजा, आपल्याला टकरीची जागतिक व भारतीय वेळ शेजारी शेजारी छापावयाची आहे. आपण प्रथम 'जी-एम-टाइम'ला विचारले व तिने दिलेला पत्ता एका चलात ठेवला. नंतर 'लोकल-टाइम'ला विचारून तिचा पत्ता दुसऱ्या चलात ठेवला. मग दोन्ही छापले. अनेक संगणकांवर दोन्ही ठिकाणी पहाटेचे चारच छापले जातील! याचे कारण असे की ही फलने प्रत्येक वेळी नवी रचना निर्माण करीत नाहीत. त्यांची एक सामाईक पाटी असते. प्रत्येक नवे उत्तर त्याच पाटीवर लिहिले जाते व जुने पुसले जाते. आपल्या हाती आलेले दोन पत्ते एकाच पाटीचे आहेत. सी भाषेचे प्रमाणक या वर्तनास मुभा देते, त्यामुळे दोष आपल्याच पदरी येतो. उपाय सोपा आहे : पहिले उत्तर हाती येताच त्याची प्रत स्वतःच्या रचनेत करून घ्यावी, किंवा ज्यांच्या नावाच्या शेवटी 'आर' हे अक्षर जोडलेले आहे ती, आपण दिलेल्या जागेत उत्तर लिहिणारी रूपे वापरावीत.

उलट दिशेचे काम, म्हणजे तारखेची संख्या करण्याचे, 'एम-के-टाइम' करते. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हे फलन रचनेतील तारीख नेहमी स्थानिक वेळेची समजते. आणि स्थानिक म्हणजे माणसाची नव्हे, तर संगणकाला सांगून ठेवलेली. पुष्कळ सेवासंगणक, ते भारतात असोत वा बाहेर, जागतिक वेळेवर ठेवलेले असतात. अशा संगणकात '28 जानेवारी, पहाटे 4' असे भरले, तर तो त्याचा अर्थ जागतिक वेळेतील चार, म्हणजे एन्नोरचे सकाळचे साडेनऊ, असा करील. टक्कर साडेपाच तासांनी उशिरा झाली असे कागदोपत्री सिद्ध होईल आणि कोणत्याही ठिकाणी यंत्र 'चूक' असे म्हणणार नाही.

स्थानिक वेळ म्हणजे कोणती?

संगणकाला स्थानिक वेळ कळते ती एका कोष्टकावरून. जगातील प्रदेशांच्या घड्याळांचा इतिहास त्यात नोंदलेला असतो. भारताचा तक्ता 'एशिया/कोलकाता' या नावाने आढळतो. त्या नावाआड मद्रासची एक जुनी आठवण दडलेली आहे, म्हणून क्षणभर तेथे थांबू.

सूर्य सर्वत्र एकाच वेळी माथ्यावर येत नाही. एन्नोरचे रेखांश सुमारे 80 अंश 20 कला आहे आणि भारतीय प्रमाणवेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने एन्नोरची खरी मध्यमवेळ प्रमाणवेळेच्या 8 मिनिटे 40 सेकंद मागे आहे. रेल्वे येईपर्यंत प्रत्येक मोठे गाव आपापल्या सूर्यावर चालत असे व कोणाचे काही बिघडत नसे. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीने 1792 साली वेधशाळा उभारली होती, आणि मद्रासचे स्थान मुंबई व कलकत्ता यांच्या दरम्यानच्या रेखांशावर होते. त्यामुळे आगगाड्यांसाठी एकच वेळ निवडण्याचा प्रसंग आला तेव्हा मद्रासची वेळ सोयीची ठरली. 1 जानेवारी 1906 पासून सध्याची प्रमाणवेळ आली. मुंबईने मात्र तिला सहजासहजी मान दिला नाही. प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असलेली 'मुंबई टाइम' नगरपालिकेच्या व्यवहारात 1955 पर्यंत टिकून होती. जुन्या मुंबईकरांच्या आठवणींत वा पत्रांत एखादी वेळ आढळली, तर ती कोणत्या घड्याळाची हे आधी विचारले पाहिजे. संगणकाच्या कोष्टकाला मुंबईचा हा हट्ट ठाऊक नाही.

मद्रासचे घड्याळ मात्र त्याला ठाऊक आहे. 1870 ते 1905 या काळातील कोणताही क्षण भारतीय तक्त्यावर उलगडावयास सांगितला, तर तो साडेपाच तासांचे अंतर न लावता 5 तास 21 मिनिटे 10 सेकंदांचे लावतो. तसेच दुसऱ्या महायुद्धात, 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत, भारतातील घड्याळे तासभर पुढे केलेली होती. त्या काळासाठी तो साडेसहा तास धरतो. 'भारतात काय, साडेपाच तास मिळवले की झाले' असे समजून जो स्वतःच 19,800 ही संख्या मिळवत बसतो त्याची आज्ञावली आजच्या तारखांना बरोबर आणि आजोबांच्या जन्मवेळेला चुकीची उत्तरे देते. जन्मपत्रिका मांडणाऱ्या आज्ञावलींत हा दोष आढळला तर नवल नाही.

घड्याळ लावणे

आतापर्यंत आपण घड्याळ वाचले. ते लावणे ही निराळी बाब आहे. प्रमाण सी भाषेत घड्याळ लावण्याचे एकही फलन नाही. ते काम प्रचालन प्रणालीकडे सोपवलेले आहे, आणि ते योग्यच आहे. युनिक्स कुळात पूर्वी 'एस-टाइम' वापरीत. पुढे 'सेट-टाइम-ऑफ-डे' व 'क्लॉक-सेट-टाइम' ही फलने आली. सर्वसामान्य वापरकर्त्याने ती वापरून पाहिली तर प्रणाली नकार देते. त्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. म्हणून फलनाने परत दिलेले उत्तर तपासल्यावाचून 'घड्याळ लावले' असा संदेश छापू नये. ही गोष्ट सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

दुसरे असे की संगणकात घड्याळे दोन असतात. एक पटलावर लहानशा विद्युतघटावर चालते आणि संगणक बंद असतानाही चालू राहते. त्यातील स्फटिक सेकंदास 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात, त्यामुळे ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक ठोका हाती येतो. दुसरे घड्याळ प्रचालन प्रणाली स्वतः चालवते. संगणक सुरू होताना ती पहिल्यावरून आपली वेळ घेते. 'टाइम' हे फलन वाचते ते दुसरे. लिनक्समध्ये पटलावरचे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवण्याचा प्रघात आहे, तर विंडोज ते स्थानिक वेळेवर ठेवते. एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली असल्या, तर एकीतून दुसरीत जाताच घड्याळ नेमके साडेपाच तास पुढे वा मागे गेलेले दिसते. प्रस्तुत अनुवादकाने असे एक यंत्र दुरुस्तीस नेले असता घट बदलून देण्यात आला. घटाचा काही दोष नव्हता. चूक जेव्हा बरोबर साडेपाच तासांची असते, तेव्हा ती यंत्राची नसून समजुतीची असते.

स्फटिकाची खरी चूक फार लहान असते. दशलक्षात वीस भाग, एवढी चूक सामान्य समजली जाते. तिच्यामुळे दिवसाकाठी सुमारे पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. तो काढून टाकताना घड्याळ एकदम मागे ओढणे धोक्याचे आहे. मागे ओढलेल्या घड्याळात काही क्षण दोनदा येतात. नंतर घडलेली गोष्ट आधीची म्हणून नोंदली जाते. अंतर मोजणाऱ्या आज्ञावलीला ऋण उत्तर मिळते. म्हणून 'ॲडज-टाइम' नावाचे फलन घड्याळ थांबवत नाही, उलटही फिरवत नाही. त्याची गती किंचित कमी वा अधिक करून चूक जिरवते. लिनक्समध्ये हा बदल सेकंदाला अर्ध्या सहस्रांश सेकंदाहून अधिक नसतो. सबब एक सेकंदाची चूक जिरण्यास 2,000 सेकंद, म्हणजे 33 मिनिटे 20 सेकंद लागतात. वर सांगितलेली साडेपाच तासांची चूक याच रीतीने काढू म्हटले तर 458 दिवस लागतील! तेथे उडी मारण्यावाचून गत्यंतर नाही. जाळ्यावरून वेळ मिळवणारी आज्ञावली हाच विवेक करते. चूक 128 सहस्रांश सेकंदांच्या आत असेल तर ती हळूहळू जिरवते, अधिक असेल तर उडी मारते. आणि 1,000 सेकंदांहून मोठी असेल तर सामान्यतः काहीच न करता बंद पडते, कारण इतकी मोठी चूक माणसाने पाहिली पाहिजे. भारतात अशा संगणकांना खरी वेळ पुरवण्याचे मूळ स्थान म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा. तेथील सीझियम घड्याळे भारतीय प्रमाणवेळ राखतात.

घड्याळ उडी मारू शकते हे मान्य केले की आणखी एक नियम ओघानेच येतो. 'किती वाजले' हे विचारावयाचे असेल तर भिंतीवरच्या घड्याळाला विचारावे. 'किती वेळ लोटला' हे विचारावयाचे असेल तर त्याला विचारू नये. त्यासाठी 'क्लॉक-गेट-टाइम' या फलनाला एकदिश घड्याळ मागता येते. ते कधीही मागे जात नाही व लावताही येत नाही. त्याचा आकडा एकट्याने निरर्थक असतो. दोन आकड्यांतील अंतरालाच अर्थ असतो. विवाहमुहूर्तासाठी पाण्यावर सोडलेले घटिकापात्र असेच असे. ते किती वाजले हे सांगत नसे; आपण पाण्यावर ठेवल्यापासून एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे, लोटली एवढेच बुडून सांगत असे.

नोंदी ठेवणाऱ्या यंत्रात घड्याळ लावण्याचा प्रसंग आला, तर लावण्यापूर्वीचे वाचन, लावल्यानंतरचे वाचन आणि दोहोंतील फरक हे तिन्ही लिहून ठेवावेत. पुढे चौकशी झाली तर जुन्या नोंदी त्या फरकाने सुधारून घेता येतात. फरक न लिहिता घड्याळ 'बरोबर' करणारा मनुष्य पुरावा पुसत असतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. जहाजांच्या बाबतीत थोड्या सेकंदांचेही मोल असते. जहाज वेळ घेते ती उपग्रहांकडून. उपग्रहांची स्वतःची गणना जागतिक वेळेच्या 18 सेकंद पुढे आहे. कारण पृथ्वीच्या मंदगतीसाठी जागतिक वेळेत अधूनमधून मिळवलेले लीप सेकंद उपग्रह मोजत नाहीत. अशा सेकंदांपैकी अगदी अलीकडचा 2016 च्या अखेरीस मिळवला गेला. भारतात तेव्हा 1 जानेवारी 2017 ची पहाट होती. एन्नोरची टक्कर त्यानंतर 27 दिवसांची. एखाद्या उपकरणाने ही 18 सेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर ताशी दहा सागरी मैलांच्या वेगाने जाणारे जहाज त्याच्या नोंदीत सुमारे 93 मीटर चुकीच्या जागी दिसेल. (वर आपण प्रत्येक दिवसाचे 86,400 सेकंद धरले ते यामुळेच : युनिक्सची गणनाही लीप सेकंद मोजत नाही. तो जणू घडलाच नाही असे समजून ती पुढे जाते.)

गणना संपते तेव्हा

सेकंदांची संख्या ठेवण्यासाठी जुन्या प्रणालींनी 32 अंकस्थाने राखून ठेवली होती. पैकी एक चिन्हासाठी जाते. उरलेल्या 31 द्विमान स्थानांत मावणारी सर्वांत मोठी संख्या 2,14,74,83,647. ती 19 जानेवारी 2038 रोजी, भारतीय वेळेने सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी गाठली जाईल. पुढच्या सेकंदाला अशा यंत्रात संख्या ऋण होऊन तारीख डिसेंबर 1901 मध्ये जाऊन पडेल. नव्या प्रणालींत 64 स्थाने असतात, तेथे ही चिंता नाही. परंतु कारखान्यांतून व बंदरांतून एकदा बसवलेली नियंत्रक उपकरणे वर्षानुवर्षे बदलली जात नाहीत. संख्या फुगते ही अडचण गणेश दैवज्ञांसमोरही होती. त्यांनी अकरा वर्षांचे, 4,016 दिवसांचे चक्र कल्पिले. पूर्ण झालेली चक्रे निराळी मोजली आणि अहर्गण त्या चक्रापुरता लहान ठेवला. गणित हाताने करावयाचे होते आणि पाटी लहान होती.

अभ्यासासाठी वाचकाने आपल्या संगणकावर भारतीय तक्ता निवडून पुढील प्रयोग करावा. वर्षाच्या कप्प्यात 0, महिन्याच्या कप्प्यात 0, दिवसाच्या कप्प्यात 1 आणि तासाच्या कप्प्यात 12 भरावे. मिनिटे, सेकंद व उन्हाळी वेळेचा कप्पा शून्य ठेवावा. ही 1 जानेवारी 1900 ची दुपार होय. 'एम-के-टाइम'कडून संख्या करून घ्यावी. ती ऋण येईल, कारण हा क्षण आदिक्षणाच्या आधीचा आहे. तीच संख्या 'जी-एम-टाइम'ला द्यावी. सकाळचे 6 वाजून 38 मिनिटे 50 सेकंद असे उत्तर आले, तर आपल्या संगणकाच्या कोष्टकात मद्रासची वेळ शाबूत आहे; साडेसहा आले, तर ते कोष्टक अपुरे आहे असे समजावे.